लँटर्न कंट्रोल: आवडत्या डेकने जिंकलेल्या एका स्पर्धेचा अभ्यास

सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी येथे 'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळाची ग्रां प्री झाली आणि ती झॅक एल्सिक या खेळाडूने जिंकली. ग्रां प्री ही खुली स्पर्धा असे. शुल्क भरून कोणालाही तीत बसता येई आणि शनिवारच्या एखाद्या फेरीत शेजारच्या दुकानात खेळणारा हौशी खेळाडू एखाद्या नामांकित व्यावसायिकासमोर येऊ शके. त्यामुळे फारसे नाव नसलेल्या खेळाडूने ग्रां प्री जिंकणे ही काही अघटित गोष्ट नव्हती. चर्चा झाली ती त्याने जिंकताना वापरलेल्या डेकची, म्हणजे स्वतः निवडून लावलेल्या पत्त्यांच्या संचाची. 'लँटर्न कंट्रोल' नावाचा हा डेक तोवर बहुतेक गंभीर स्पर्धकांच्या लेखी एक विक्षिप्त छंद होता. एल्सिकने मात्र तो आधीपासून खेळत, पाने बदलत, घडवत आणला होता आणि मोठ्या स्पर्धेलाही तोच नेला.

स्पर्धेला जाणाऱ्याला सहसा सल्ला मिळतो तो याच्या नेमका उलट: आवड घरी ठेवावी, त्या आठवड्यात जो डेक सर्वांत बलवान मानला जातो तो उचलावा आणि त्याचा सराव करावा. हा सल्ला बहुतेक वेळा बरोबरच असतो. तरीही ओक्लाहोमाच्या निकालाकडे नशिबाचा किंवा अनपेक्षितपणाचा चमत्कार म्हणून पाहणे मला अपुरे वाटते. काही डेक असे असतात की त्यांची ताकद त्यांच्या पानांइतकीच खेळणाऱ्याच्या सवयीत असते. लँटर्न कंट्रोल हे त्याचे मला माहीत असलेले सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे, म्हणून त्याची रचना जरा सविस्तर पाहू.

डेकची रचना

खेळाचे मूलभूत नियम थोडक्यात असे. प्रत्येकाकडे किमान ६० कार्डांचा डेक असतो. मूळ जमिनींखेरीज (माना, म्हणजे पाने खेळण्यासाठी मोजायची किंमत, पुरवणारी साधी पाने) कोणत्याही कार्डाच्या चारपेक्षा अधिक प्रती त्यात ठेवता येत नाहीत. सुरुवातीला सात पाने हातात घेऊन, दर पाळीला पिसलेल्या गड्डीतून एक पान उचलत, समोरच्याचे २० प्राणबिंदू संपवायचे असतात. हरण्याचा दुसराही एक मार्ग आहे: पान उचलायची वेळ आली आणि गड्डी रिकामी असली, तर तो खेळाडू हरतो. बहुतेक डेकांना या दुसऱ्या नियमाची आठवणही येत नाही, पण लँटर्न कंट्रोलची सारी उभारणी त्याच्यावर आहे. या डेकमध्ये हल्ला करणारे प्राणी जवळजवळ नसतातच.

ही ग्रां प्री 'मॉडर्न' प्रकारात होती. २०११ मध्ये सुरू झालेल्या या प्रकारात २००३ च्या आठव्या आवृत्तीपासून पुढे छापलेली कार्डे चालतात. डेकचा आधारस्तंभ असलेले 'एन्स्नेअरिंग ब्रिज' हे कार्ड मूळचे १९९८ चे आहे; आठव्या आवृत्तीत ते पुन्हा छापले गेले म्हणूनच या प्रकारात त्याला जागा मिळाली. ब्रिजचा नियम साधा आहे. ब्रिजच्या मालकाच्या हातात जितकी पाने असतील, त्याहून अधिक शक्तीच्या कोणत्याही प्राण्याला हल्ला करता येत नाही. म्हणजे हात रिकामा केला की शून्याहून अधिक शक्तीचा प्रत्येक प्राणी जागच्या जागी थांबतो. डेकमधील बहुतेक कार्डे एका मानाची किंवा फुकट असतात त्याचे मुख्य कारण हेच: हात लवकरात लवकर रिकामा व्हायला हवा. 'मॉक्स ओपल' हे शून्य किमतीचे कार्ड इथे दुहेरी कामाचे ठरते. ते हातातून लगेच उतरते आणि टेबलावर तीन आर्टिफॅक्ट (वस्तू वा यंत्र दाखवणारी पाने) असले की दर पाळीला हव्या त्या रंगाचा एक माना देते.

ब्रिजने हल्ला थांबतो, पण समोरचा खेळाडू दर पाळीला नवे पान उचलतच असतो आणि त्यात कधी ना कधी ब्रिज फोडणारे पान येणारच. तेथे 'लँटर्न ऑफ इनसाइट' कामाला येतो. २००४ मधले हे एका मानाचे आर्टिफॅक्ट टेबलावर असेपर्यंत दोन्ही खेळाडूंना आपापल्या गड्डीचे वरचे पान उघडे ठेवून खेळावे लागते. त्याच्या जोडीला 'कोडेक्स श्रेडर' असतो. तो आडवा केला, म्हणजे त्या पाळीपुरता वापरला, की निवडलेल्या खेळाडूच्या गड्डीचे वरचे पान टाकाऊ ढिगात जाते. 'घूलकॉलर्स बेल' दोघांच्याही गड्डीवरचे पान ढिगात टाकते, तर 'पिक्सिस ऑफ पँडेमोनियम' दोघांचीही वरची पाने पालथी करून खेळाबाहेर ठेवते. समोरच्याने पान उचलण्याआधी, त्याच्याच पाळीच्या सुरुवातीला, वरचे पान पाहायचे. निरुपद्रवी असेल तर उचलू द्यायचे, धोक्याचे असेल तर उडवायचे. थोडक्यात, समोरचा काय उचलणार हे तुम्ही ठरवता.

यात लँटर्नचे महत्त्व किती, हे नवख्याच्या ध्यानात येत नाही. लँटर्न नसताना श्रेडर वापरणे म्हणजे एका अज्ञात पानाच्या जागी दुसरे अज्ञात पान आणणे. त्याने शक्यतेत काडीचाही फरक पडत नाही. पान दिसू लागले की मात्र गणित पालटते. समजा, समोरच्याच्या गड्डीत उरलेल्या ४० पानांपैकी ८ पाने खरोखर धोक्याची आहेत. एक श्रेडर असेल तर धोक्याचे पान त्याच्या हातात पडण्यासाठी लागोपाठ दोन पाने धोक्याची असावी लागतात. त्याची शक्यता ढोबळमानाने पंचविसांत एक. श्रेडरसारखी पान उडवणारी दोन यंत्रे असतील तर १२५ मध्ये एक, तीन असतील तर ६२५ मध्ये एक. हे आकडे ऐकून कुलूप लागले, म्हणजे समोरच्याला सुटकेची वाटच उरली नाही, असे वाटते, पण हा खेळ एका पाळीत संपत नाही. अशा ३० पाळ्या काढायच्या म्हटल्या, तर दोन यंत्रांनिशी एकदा तरी गळती होण्याची शक्यता सुमारे पाचांत एक राहते. तिसरे यंत्र आले की ती विसांत एकावर येते. म्हणून जाणकार खेळाडू कुलूप लागल्यानंतरही थांबत नाही. तिसरे आणि चौथे यंत्र शोधत राहतो. 'एन्शंट स्टिरिंग्ज' हे एका हिरव्या मानाचे पान वरची पाच पाने पाहून त्यांतले एक रंगहीन पान हातात घेऊ देते, आणि या डेकमधली आर्टिफॅक्ट व जमिनी जवळजवळ सर्व रंगहीनच असतात.

सुरुवातीच्या दोन पाळ्यांत 'थॉटसीझ' आणि 'इन्क्विझिशन ऑफ कोझिलेक' ही पाने समोरच्याचा हात उघडा करून त्यातले एक पान टाकायला लावतात. म्हणजे हात पाहिलेला, गड्डीचे वरचे पान दिसणारे, टेबल तर उघडेच. पत्त्यांचा खेळ म्हटला की झाकलेले पान आलेच. हा डेक मात्र ते झाकलेपणच काढून टाकतो, आणि मग जो जास्त अचूक हिशेब करील तो जिंकतो.

सवयीचे मोल

इथवर वाचून हा डेक यंत्रासारखा आपोआप चालतो असा ग्रह होऊ शकतो. प्रत्यक्षात दर पाळीला एक प्रश्न विचारावा लागतो: हे पान धोक्याचे आहे का? त्याचे उत्तर समोरच्याच्या डेकवर, टेबलावरच्या पानांवर आणि पुढच्या तीन-चार पाळ्यांवर अवलंबून असते.

एक उदाहरण जवळून पाहू. समोर 'जुंड' हा काळा-लाल-हिरवा डेक आहे. आपला ब्रिज उतरलेला, हात रिकामा, लँटर्न उघडा आणि दोन श्रेडर उभे आहेत. त्याच्या गड्डीवर 'टार्मोगॉइफ' दिसतो. तो त्या काळातला सर्वांत महागडा आणि भीतिदायक प्राणी, पण इथे निरुपयोगी. तो बेधडक उचलू द्यावा. पुढच्या पाळीला 'लाइटनिंग बोल्ट' दिसतो. तो ब्रिज फोडत नाही, पण तीन प्राणबिंदू घेतो. आपल्याकडे चौदा असतील तर उचलू द्यावा, चार असतील तर उडवावा. त्यानंतर 'अब्रप्ट डिके' आला तर प्रश्नच नाही. तो ब्रिज हमखास नष्ट करतो, कारण त्याला प्रतिकारही करता येत नाही. 'डार्क कॉन्फिडंट' दिसला तर नवखा म्हणेल, दोन शक्तीचा प्राणी आहे, हल्ला करू शकत नाही, जाऊ दे. तो मोठी चूक करील. कॉन्फिडंट टेबलावर आला की त्याच्या मालकाला दर पाळीला एक जादा पान मिळते, म्हणजे आपल्या दोन श्रेडरना एकाऐवजी दोन पानांवर पहारा द्यावा लागतो आणि मघाचे १२५ मध्ये एक हे गणित कोसळते. याउलट 'लिलियाना ऑफ द वेल' हे जुंडचे दुसरे भयंकर पान दोघांनाही पाने टाकायला लावते. हात रिकामा ठेवू पाहणाऱ्याला ती जवळजवळ मदतच होते. दोन्ही पाने एकाच डेकमधली, दोन्ही तितकीच नावाजलेली, पण एकीबद्दलचे उत्तर दुसरीला लागू पडत नाही.

ब्रिजलाही फटी आहेत. शक्ती तपासली जाते ती हल्ला जाहीर होण्याच्या क्षणी, नंतर नाही. 'नोबल हायरार्क' या शून्य शक्तीच्या प्राण्याने एकट्याने हल्ला केला तर जाहीर होताना तो शून्य असतो आणि नंतर त्याची शक्ती एकाने वाढते. आर्टिफॅक्टांनी भरलेल्या 'ॲफिनिटी' डेकमधला प्रकार अधिक घातक आहे. शून्य शक्तीचा उडणारा 'ऑर्निथॉप्टर' हल्ल्याला पाठवायचा आणि हल्ला जाहीर झाल्यावर दोन काळे माना खर्चून 'क्रेनियल प्लेटिंग' त्याच्यावर चढवायचे. मग टेबलावर जितकी आर्टिफॅक्ट, तितकी त्याची शक्ती. ब्रिज उतरवून निर्धास्त झालेला खेळाडू अशा एका फटक्यात मरतो. यावर उपाय 'पिथिंग नीडल' हे एका मानाचे आर्टिफॅक्ट आहे. ते उतरवताना 'क्रेनियल प्लेटिंग' असे नाव घेतले की त्याची हलवाहलव बंद होते. पण हे नाव वेळेत सुचायला हवे.

काही पाने टाकाऊ ढिगात गेल्यावरच कामाला येतात. 'एन्शंट ग्रज' हातातून एक आर्टिफॅक्ट फोडते आणि नंतर ढिगातूनही पुन्हा खेळता येते. त्यामुळे श्रेडरने ते उडवणे म्हणजे ते शत्रूच्या हाती आयते देणे. तिथे खेळाबाहेर टाकणारा पिक्सिस लागतो किंवा ढिगातून पान कायमचे काढणारे 'सर्जिकल एक्स्ट्रॅक्शन'. 'एमराकुल, द इऑन्स टॉर्न' हे राक्षसी पान तर ढिगात पडले की सारा ढीग पुन्हा गड्डीत मिसळून टाकते, म्हणजे गड्डी संपवण्याची सगळी मेहनत शून्यावर येते. मिसळण्याचा तो परिणाम अमलात येण्याआधी सर्जिकलने एमराकुल काढून घेणे हा त्यावरचा मार्ग, आणि त्यासाठी सर्जिकल आधीपासून राखून ठेवावे लागते. शिवाय बेल आणि पिक्सिस स्वतःची गड्डीही खातात. ती संपू नये म्हणून 'अकॅडमी रुइन्स' ही जमीन ढिगातले एक आर्टिफॅक्ट पुन्हा गड्डीवर ठेवते. एकदा ती चालू झाली की आपली गड्डी कधीच संपत नाही आणि समोरच्याची मात्र संपत जाते.

असे निर्णय एका खेळात पन्नास वेळा घ्यावे लागतात. ते प्रत्येक वेळी नव्याने विचार करून घेणारा खेळाडू बरोबर उत्तरापर्यंत पोहोचेलही, पण वेळेत पोहोचणार नाही.

घड्याळ

आणि या डेकचा खरा प्रतिस्पर्धी घड्याळ आहे असे माझे मत आहे. स्विस पद्धतीच्या (कोणी बाद न होता सारख्या गुणांच्या खेळाडूंची गाठ घालणाऱ्या) प्रत्येक फेरीला ५० मिनिटे मिळतात आणि त्यात तीनपैकी दोन डाव जिंकायचे असतात. वेळ संपली की चालू पाळीनंतर फक्त पाच पाळ्या उरतात. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक, पराभवाला शून्य. म्हणजे बरोबरी ही स्पर्धकाच्या दृष्टीने पराभवाचीच धाकटी बहीण. गड्डी संपेपर्यंत ताटकळत बसणाऱ्या डेकसाठी हे गणित अवघड आहे.

त्यात एक बारकावा आहे. पहिला डाव जिंकून दुसरा अपुरा राहिला, तर सामना १–० असा जिंकलेलाच धरला जातो. म्हणजे पहिला डाव संथपणे पण निश्चित जिंकणे चालते. पहिला डाव हरल्यावर मात्र उरलेल्या वेळात दोन डाव पूर्ण करणे जवळजवळ अशक्य होते. लँटर्न कंट्रोलचे सुदैव असे की पहिल्या डावातच तो सर्वाधिक बलवान असतो. त्या काळातल्या बहुतेक डेकांत प्राणी मारणारी सात-आठ पाने तरी असत आणि प्राणीच नसलेल्या डेकसमोर ती मेलेली असतात. दुसऱ्या डावात साईडबोर्डमधून, म्हणजे डावांच्या मध्ये बदलता येणाऱ्या राखीव पानांतून, आर्टिफॅक्ट वापरणेच बंद पाडणारे 'स्टोनी सायलन्स' किंवा 'एन्शंट ग्रज' येते आणि परिस्थिती बदलते. तोवर पहिला डाव खिशात असणे आवश्यक.

कुलूप लागल्यावर बरेच प्रतिस्पर्धी स्वतःहून डाव सोडतात. सोडले नाही तर त्यांना कोणी भाग पाडू शकत नाही, आणि तसे पाहता नियमांनी त्यांना तो हक्कच दिला आहे. त्या वेळी आपली प्रत्येक पाळी काही सेकंदांत उरकणे हाच एकमेव उपाय उरतो. लँटर्न खेळणाऱ्यावर संथपणाचा आरोप नेहमी होतो. पण खरोखर सरावलेला खेळाडू खेळताना पाहिला तर तो समोरच्यापेक्षा कमी वेळ घेतो असेच दिसते. हा वेग पाठांतरातून येत नाही. तेच तेच पेच पुन्हापुन्हा समोर आलेले असले म्हणजे येतो, आणि तितक्या वेळा एकच डेक खेळायला तो आवडतच असावा लागतो. एल्सिकच्या विजयात आवडीचा वाटा मला इथे दिसतो. आवडीने त्याला धैर्य वगैरे दिले असेल किंवा नसेल. तिने त्याला मिनिटे दिली.

अनपेक्षितपणाचा वाटा किती?

याला सरळ आक्षेप असा की ओक्लाहोमात समोरच्यांना हा डेक ठाऊकच नव्हता. कोणते पान टाकावे, कोणते राखावे, हे त्यांना कळत नव्हते; उद्या सर्वांना कळले की डेक संपला. आक्षेप अर्धा खरा आहे. अनोळखी डेकसमोर माणसे चुकतात, आणि लँटर्नसमोर ती अधिक चुकतात, कारण कुलूप पुरते लागेपर्यंत आपण हरत आहोत हेच त्यांच्या ध्यानात येत नाही.

परंतु या आक्षेपाची परीक्षा पुढे झाली. फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पेनमधील बिल्बाओ येथे 'रायव्हल्स ऑफ इक्सलान' ही प्रो टूर, म्हणजे पात्र ठरलेल्या खेळाडूंची व्यावसायिक स्पर्धा, मुख्यतः मॉडर्न प्रकारात झाली. तोवर लँटर्नबद्दल पुष्कळ लिहिले गेले होते आणि जगातले निवडक खेळाडू तयारीनिशी आले होते. अर्जेंटिनाच्या लुईस साल्वात्तोने अंतिम सामन्यात जेरी थॉम्प्सनच्या 'मार्दू पायरोमॅन्सर' डेकला हरवून ती स्पर्धा लँटर्ननेच जिंकली. डेक मधल्या काळात सुधारलाही होता. २०१७ मध्ये आलेल्या 'व्हर ऑफ इन्व्हेन्शन' या पानामुळे हवे ते आर्टिफॅक्ट थेट गड्डीतून, तेही समोरच्याच्या पाळीत, टेबलावर आणता येऊ लागले आणि ब्रिज येण्याची वाट पाहण्याची गरज बरीच कमी झाली. त्या हंगामाचा 'प्लेअर ऑफ द इयर' हा किताबही पुढे साल्वात्तोनेच मिळवला. तेव्हा इथे सुधारलेल्या डेकला उच्च दर्जाच्या खेळाडूची जोड होती हे मान्य करायला हवे. पण अनपेक्षितपणा मात्र नव्हता.

म्हणून मी हिशेब असा मांडतो: ओक्लाहोमात अनपेक्षितपणाने पहिल्या दिवसाच्या काही फेऱ्या सोप्या केल्या असतील. दुसऱ्या दिवशी, आणि विशेषतः बाद फेरीत, जिथे प्रतिस्पर्ध्यांना एकमेकांच्या डेकची माहिती आधी मिळते, तिथे त्याची किंमत उतरत गेली असणार.

स्थानिक स्पर्धेपुरते

दुकानातल्या शुक्रवारच्या स्पर्धेत हे प्रमाण आणखी बदलते. तेथे फेऱ्या चार-पाच, समोर बसणारी माणसे दर आठवड्याला बहुधा तीच. अनपेक्षितपणा दुसऱ्या शुक्रवारीच संपतो आणि तिसऱ्या शुक्रवारी प्रत्येकाच्या साईडबोर्डमध्ये दोन 'स्टोनी सायलन्स' दिसतात. हजार माणसांच्या ग्रां प्रीत असे होत नसे; तिथे एका विचित्र डेकसाठी साईडबोर्डची जागा खर्च करणे कोणालाच परवडत नसे. त्यामुळे एक चमत्कारिक स्थिती निर्माण होते: असा डेक घडवायला आणि अंगवळणी पाडायला स्थानिक स्पर्धेइतकी चांगली जागा नाही, पण तिथेच तो जिंकणे सर्वांत कठीण. नेहमीचे प्रतिस्पर्धी कुलूप लागताच डाव सोडायला शिकतात, हा त्यातला एक फायदा. ते सोडत नाहीत अशी मंडळी असतील तर घड्याळाचा सराव होतो, हा दुसरा.

लँटर्नच्या बाबतीत हा प्रश्न पुढे बराच काळ मागे पडला. जानेवारी २०२० मध्ये मॉडर्नमध्ये मॉक्स ओपलवर बंदी आली आणि ती डिसेंबर २०२४ पर्यंत टिकली. ती मुख्यतः आर्टिफॅक्टवर आधारलेल्या वेगवान डेकांना आवरण्यासाठी होती, पण तिचा फटका लँटर्नलाही बसला: फुकट उतरणारे आणि लगेच माना देणारे पान गेल्यामुळे हात एक-दोन पाळ्या उशिरा रिकामा होऊ लागला, आणि तेवढ्या उशिरात वेगवान डेक ब्रिज उतरण्याआधीच प्राणबिंदू संपवू लागले. लँटर्न, श्रेडर आणि ब्रिज ही पाने तेव्हा बंदीतून सुटली, त्यामुळे ओपलविना हा डेक मांडणारे थोडे लोक उरले. मोठ्या स्पर्धांच्या विजेत्यांच्या यादीत मात्र बिल्बाओनंतर त्याला तशी जागा मिळाली नाही.